संचालकांचा परिचय : गाळलेल्या ओळींचे वाचन

कंपनीच्या अहवालात छापला जाणारा संचालकांचा परिचय हाही वाङ्मयाचाच एक प्रकार आहे, असे म्हटले तर आपले विद्यापीठीय समीक्षक हसतील. पण ज्या मजकुरात आयुष्यातले काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड केलेली असते, तो मजकूर समीक्षेच्या कक्षेत येतो. शिवाय या चार ओळींच्या भरवशावर लोकांचा पैसा आणि वाचकांचे लक्ष मोजक्या माणसांच्या हवाली होत असते. म्हणून मी तो वाचायला घेतला आहे.

नमुना म्हणून रेडिफ घेऊ. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या इंटरनेट कंपन्यांपैकी एक. बातम्या तिने दिल्या, फुकट ई-मेल दिला. जून २००० मध्ये तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात गेले, २०१६ मध्ये ती तिथून बाहेर पडली आणि २०२४ मध्ये इन्फिबीम अ‍ॅव्हेन्यूज या कंपनीने तिच्यातला बहुसंख्य हिस्सा घेतला. नॅसडॅकवर असताना संचालकांची माहिती तिला जाहीर करावी लागे. निरनिराळ्या वर्षी तिच्या मंडळावर असलेली माणसे पाहा. संस्थापक अजित बालकृष्णन कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिकलेले, १९७३ मध्ये रेडिफ्युजन ही जाहिरातसंस्था काढणाऱ्यांपैकी एक. त्याच संस्थेचे सहसंस्थापक दिवाण अरुण नंदा. श्रीधर अय्यंगार केपीएमजी या हिशेबतपासणीच्या जागतिक पेढीतले. सुनील फातर्पेकर वकील. रशेष शाह एडलवाइज या वित्तसंस्थेचे संस्थापक. माधवन नंबियार निवृत्त सनदी अधिकारी. म्हणजे जाहिरात, हिशेब, कायदा, भांडवल आणि प्रशासन.

या व्यक्तींच्या गुणवत्तेवर मला बोट ठेवायचे नाही. त्यांची जात शोधणे हाही माझा उद्योग नाही. मला पाहायचे आहे ते या मजकुराचे व्याकरण. आणि ते एकट्या रेडिफचे नाही, सगळ्याच कंपन्यांच्या अहवालांत ते सारखे आहे.

या व्याकरणाचा पहिला नियम असा की आयुष्य पदवीपासून सुरू होते. त्याआधी माणसाला गाव नाही, आईबाप नाहीत, भूक नाही. दुसरा नियम असा की माणूस एका मोठ्या संस्थेतून दुसऱ्या मोठ्या संस्थेत जातो, मधे रिकामी जागा पडत नाही. दार कोणी उघडले, ओळख कोणी करून दिली, हे लिहायची पद्धत नाही. वारशाने मिळालेले गाळले जाते आणि उरते ते गुणवत्ता या नावाने छापले जाते.

याच्याशेजारी आपली आत्मकथने ठेवून पाहा. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० मध्ये, शरणकुमार लिंबाळेंचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये. परिचय जे गाळतो तेच या पुस्तकांनी मांडले. प्रस्थापित समीक्षेने तेव्हा विचारले, एवढे खाजगी, एवढे कुरूप कशाला सांगता? आम्हाला सांगावेच लागते, कारण आमच्या पदवीच्या आधीचे आयुष्य आमच्या पदवीनंतरही पाठ सोडत नाही. न सांगता चालणे ही एक चैन आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की शिक्षण घ्या, दारे आपोआप उघडतील. इतिहास काय सांगतो? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी मुंबईत शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. त्यांचा परिचय चार ओळींत लिहिला असता तर कुठल्याही संचालकापेक्षा तो उजवा ठरला असता. बाजाराने परिचय वाचला नाही, जात वाचली.

तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. २०१२ मध्ये डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या ९०५२ संचालकांचा अभ्यास मांडला. आडनावांवरून केलेली ही वर्गवारी होती, त्यामुळे तिला मर्यादा आहेतच. तरी तिने दाखवलेले चित्र बोलके होते. जवळजवळ ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय, इतर मागास ३.८ टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. २०११ च्या जनगणनेत या जाती-जमातींचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते.

अपवाद आहेत. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांचे लग्न बालवयात झाले, मुंबईत त्यांनी शिलाईकाम केले आणि २००६ मध्ये डबघाईला आलेली कमानी ट्यूब्स ही कंपनी हाती घेतली. त्यांचा परिचय बालपणापासून सांगितला जातो, कारण तिथे बालपण हीच बातमी असते. बाकीच्यांचे बालपण बातमी होत नाही, ते गृहीत धरलेले असते. एका अपवादाच्या गौरवाने नियम झाकायचा, ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे.

मी हे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत बसून लिहितो आहे. इंटरनेटवर नुसते ‘वाशी’ टाकले की बहुधा नवी मुंबईची वाशी आधी समोर येते, तालुक्याचे गाव असूनही आमची मागे राहते. कोण आधी दिसावे आणि कोण मागे, हे ठरवण्याची सत्ता आज या कंपन्यांकडे आहे. माझ्या वर्गात तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्यांचीही आहेत. ती याच कंपन्यांची गिऱ्हाईके आहेत. नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी काय लिहायचे, असे ती विचारतात. कोयता घेऊन फडात काढलेले महिने अनुभवाच्या रकान्यात कोणी लिहू देत नाही. सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि संविधानातले नोकरीचे आरक्षण खाजगी कंपनीच्या दारापाशी थांबते.

म्हणून मागणी साधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. सेबीच्या नियमांनुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना स्त्रिया आणि अपंग कर्मचारी किती, हे दरवर्षी सांगावे लागते. मग मंडळावर आणि नोकरीत अनुसूचित जाती-जमातींचे किती, एवढा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? कोणाचे नाव नको, फक्त संख्या द्या. जे जात मानत नाहीत असे सांगतात, त्यांना ही संख्या सांगायला अडचण नसावी.

आणि मागणी आपल्या समीक्षेकडेही आहे. कविता आणि आत्मकथने आपण पुष्कळ वाचली. आता अहवाल, करारपत्रे आणि परिचयही वाचले पाहिजेत. सत्तेची भाषा तिथे लिहिली जाते आणि आपल्यावाचून लिहिली जाते.