पदर कोणत्या खांद्यावर?

मागच्या हनुक्काच्या सुट्टीत नातीला घेऊन एक प्रदर्शन पाहण्यास गेले होते. देशोदेशींहून इस्राएलात आलेल्या यहुद्यांचे पोशाख तेथे मांडले होते. कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही, म्हणून ठिकाण सांगत नाही. एका काचेच्या कपाटात पुतळ्याला लुगडे नेसवले होते आणि खाली पाटी होती, ‘बेने इस्राएल स्त्री, कोकण’. लुगडे चांगले नऊवारी. पण ते परकरावर गोल गुंडाळून उरलेले कापड पाठीमागे टाचण्यांनी दडवले होते. पदर गुजराती पद्धतीने मागून उजव्या खांद्यावरून पुढे आणला होता. नातीने विचारले, “आजी, तुझी आजी अशी नेसायची?” मी म्हटले, “नाही ग, अशी कोणीच नेसत नव्हते.”

मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. पट्टी कशी बांधली आहे हे पाहून जखम कोठे आहे ते नर्सला कळते. लुगड्याचेही तसेच आहे. ते कसे नेसले आहे यावरून बाई कोठली, कोणत्या काळातली आणि दिवसभर काय काम करणारी, हे जाणत्याला समजते. ते नेसणे काढून टाकले की मागे राहते ते नुसते कापड. पोशाखाचा अभ्यास म्हणजे कापडाचा अभ्यास नव्हे, नेसणाऱ्या माणसाचा अभ्यास, असे माझे मत आहे. म्हणूनच ती पाटी मला खटकली.

माझी आजी रेवदंड्याची. ती काष्टा घालून नऊवारी नेसे. विहिरीचे पाणी, जाते, अंगणातले सारवण, ही कामे करताना दोन्ही पाय मोकळे लागतात, काष्टा त्यासाठी. आई मुंबईत वाढली, शाळेत शिकली, ट्रामने फिरली. तिने नऊवारी कधी नेसलीच नाही. ती परकर-ब्लाउजवर पाचवारी गोल साडी नेसे. एका पिढीत चार वार कापड कमी झाले! आपण या गोल साडीला ‘परंपरागत’ म्हणतो, पण तिलाही इतिहास आहे. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी 1860 च्या दशकात मुंबईला आल्या. पारशी बायकांचे नेसणे पाहून त्यांनी आपली पद्धत बसवली आणि ती बंगालात नेली, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे जे आपल्याला पुरातन वाटते तेही कोणीतरी, कधीतरी, गरज पाहून घडवलेले असते.

पांढऱ्या साडीचेच पाहा. आईने लग्नात पांढरी साडी नेसली. चाळीतल्या हिंदू शेजारणी दचकल्या म्हणतात, कारण त्यांच्यात पांढरे लुगडे विधवेचे. आपल्यात ते विलायती नवरीच्या झग्यावरून आले. एकच रंग, एकच चाळ, आणि अर्थ अगदी उलट. पाटीवर ‘वधूची साडी, पांढरी’ एवढेच लिहिले तर यातले काय कळणार?

पुरुषांचेही तेच. घाणा चालवणारा शनिवार तेली, कंपनी सरकारच्या पलटणीतला शिपाई आणि कचेरीतला कारकून, हे तिघे एकाच घराण्यातले असले तरी त्यांचा पोशाख एक नव्हता. आमच्या घरच्या एका जुन्या फोटोत एकाच्या डोक्यावर पागोटे, दुसऱ्याच्या तुर्की टोपी आणि तिसऱ्याच्या साहेबी हॅट आहे. तिघे सख्खे भाऊ. यातला ‘बेने इस्राएल पोशाख’ कोणता म्हणायचा? हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला (तो 1937 साली तेल अवीवला छापला गेला). आपली माहिती दुसऱ्यांनी लिहावी म्हणून ते थांबले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता चांगल्या कामाबद्दलही लिहिले पाहिजे. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने 1995 साली भारतातील तिन्ही यहुदी समाजांवर ग्रंथ काढला. ओर्पा स्लापाक यांनी त्याचे संपादन केले. पुढे 2012 साली एस्तेर युहास यांनी संपादलेला यहुदी पोशाखांवरचा मोठा ग्रंथ आला आणि 2014 साली प्रदर्शन झाले. त्या प्रदर्शनात कपडे देशवार न लावता विषयवार लावले होते: अंग झाकणारी वस्त्रे, मुलांचे कपडे, आठवणी जपणारे कपडे. ही दृष्टी मला फार पटली. देशवार पुतळे उभे केले की प्रत्येक समाज एका जागी गोठतो. विषयवार मांडले की पाहणारा विचार करू लागतो. डोईवरचा पदर घ्या. कोकणात तो वडीलधाऱ्यांपुढे मान म्हणून घेत, शेजारच्या हिंदू बायकाही घेत. येथे तोच पाहून लोक म्हणतात, ही बाई धर्मनिष्ठ. दोन्ही खरे असू शकते, पण आधी विचारायला हवे.

तरी एक उणीव सगळ्याच संग्रहांत राहते. तेथे लग्नाचे कपडे पोहोचतात, रोजचे पोहोचत नाहीत. यात दोष संग्रहालयाचा कमी, आपला अधिक. आजीच्या सुती लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्यांची बाळोती झाली, शेवटी भांडी पुसायची फडकी झाली. 1979 साली मी इस्राएलात आले तेव्हा नर्सिंग शिकतानाचा माझा पांढरा फ्रॉक आणि कडक इस्त्रीची टोपी मुंबईतच टाकून आले. ती जपण्यासारखी वस्तू आहे असे वाटलेच नाही.

या हिवाळ्यात आईची पांढरी साडी एका संग्रहाला द्यावी असे ठरवले. त्यांनी फॉर्म पाठवला. साल कोणते, कोठे घेतली, कोणी घेतली, कशी नेसली. साल आणि गाव लिहिले. ‘कशी नेसली’ येथे मी ‘पदर डाव्या खांद्यावर’ असे ठामपणे लिहिणार होते. प्रदर्शनातली चूक मीच नव्हती का काढली? तरी अश्दोदच्या मावशीला फोन केला. ती नव्वदीची आहे. ती हसून म्हणाली, “अग, डाव्या कसला? शिंप्याने ब्लाउजच्या बाह्या आखूड शिवल्या. हझान रागावले. मग तुझ्या आईने पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही खांदे झाकले, आणि लग्न लागेपर्यंत मी मागून धरून उभी होते!”

म्हणजे मीही चुकीचीच पाटी लिहिणार होते. साडी कोणी आणली, हे मात्र मावशीलाही आठवले नाही. सांगणारी सगळी गेली. तो रकाना कोराच राहिला.

वाचक भगिनींनो, आपल्या मुलींनी मेहंदीला मुंबईच्या सिनेमातला घागरा घातला म्हणून आपण नाक मुरडतो. मुरडू नये, आईच्या पांढऱ्या साडीलाही कोणी तसेच नाक मुरडले असेल. त्यापेक्षा घागऱ्यात तिचा फोटो काढा आणि मागे साल, गाव, नाव लिहा. कपाटातली जुनी साडी काढा, ती कशी नेसत ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा आणि चिठ्ठी लिहून घडीत ठेवा. कापड जपणे फारसे कठीण नाही, डांबराच्या गोळ्यांनी भागते. सांगणारे माणूस मात्र थांबत नाही.