आवाजाची अदलाबदल आणि देहाचा साचा : 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन'च्या कृतीची पुनर्तपासणी

खेळणे उघडून आत काय आहे ते पाहण्याची मुलाची ओढ ही निव्वळ मोडतोड नसते, याची दखल साहित्याने फार पूर्वी घेतली आहे. बोदलेरने १८५३ मधील खेळण्यांवरील निबंधात ही ओढ म्हणजे खेळण्याचा आत्मा शोधण्याचा प्रयत्न मानली आणि तो सापडत नाही तेव्हाच मुलाच्या मनात खिन्नता सुरू होते, असे निरीक्षण नोंदविले. प्लास्टिकच्या अॅक्शन फिगर्स सुट्या करून त्यांना नवे रूप देणारे प्रौढ छांदिष्ट आणि कलावंत हे त्याच मुलाचे वारसदार होत. फरक इतकाच की, आत आत्मा नाही हे त्यांना आधीच ठाऊक असते. त्यांना शोध असतो तो सांध्यांचा.

या प्रकारच्या कृतींमध्ये सर्वांत गाजलेली कृती १९९३ च्या नाताळच्या हंगामात अमेरिकेत घडली. 'बार्बी लिबरेशन ऑर्गनायझेशन' या नावाने काम करणाऱ्या कलावंतांच्या गटाने मॅटेल कंपनीची बोलकी 'टीन टॉक बार्बी' आणि हॅस्ब्रो कंपनीचा बोलका सैनिक 'जी. आय. जो ड्यूक' दुकानांतून विकत आणले, दोघांची शरीरे उघडली, आतील आवाजाच्या डब्यांची अदलाबदल केली, वेष्टने पुन्हा बेमालूम बंद केली आणि खेळणी दुकानांच्या फळ्यांवर परत नेऊन ठेवली. अशी सुमारे ३०० खेळणी बदलल्याचा गटाचा दावा होता. पुढे 'द येस मेन' या जोडीतील माइक बोनानो म्हणून प्रसिद्धीस आलेला इगोर वामोस या कृतीमागे होता. परिणामी बार्बी सूड घेण्याची भाषा बोलू लागली आणि शस्त्रसज्ज ड्यूक खरेदीला जाण्याचे बेत आखू लागला.

ही कृती लिंगभावाच्या साचेबद्धतेवरील यशस्वी प्रहार म्हणून गौरविली गेली आहे. तो गौरव अगदीच अनाठायी नाही. परंतु तिचे मूल्यमापन बहुधा तिच्या संदेशावरून होते, ती ज्या वस्तूंवर घडली त्यांच्या रचनेवरून होत नाही. मराठी समीक्षेत 'विरचना' हा शब्द आता इतका रुळला आहे की, प्रत्यक्ष पेचकस हाती घेऊन केलेल्या विरचनेकडे पाहण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. येथे ती गरज आहे.

'अॅक्शन फिगर' ही संज्ञाच मुळात एका अडचणीतून जन्मली. १९६४ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा मुलगे 'डॉल'शी खेळतील का, हा प्रश्न होता, कारण त्या शब्दालाच स्त्रीत्व चिकटलेले होते. म्हणून बाहुलीला नवे नाव दिले गेले. (मराठीत 'बाहुला' हा शब्द तयार होता, पण भातुकलीत तो नवरदेव म्हणूनच उभा राहतो, शिपाई म्हणून नव्हे.) म्हणजे वस्तू तीच आणि लिंग शब्दाने ठरलेले, हे तत्त्व या खेळण्याच्या नावातच होते. १९८२ मध्ये हॅस्ब्रोने पावणेचार इंची सैनिकांची नवी मालिका काढली तेव्हा ते तत्त्व खेळण्याच्या शरीरात उतरले. बोलका ड्यूक बारा इंची असला, तरी ड्यूक हे पात्र या छोट्या मालिकेतून पुढे आलेले असल्याने तिची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

या छोट्या सैनिकाच्या पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढला की धड पुढच्या आणि मागच्या अशा दोन अर्धुकांत दुभंगते. डोके व दोन्ही हात कोणतीही जबरदस्ती न करता सुटतात. धड आणि पाय यांना जोडणारा दुवा म्हणजे आत ताणून बसविलेली काळ्या रबराची एक लहानशी कडी. तिच्या ताणामुळेच सैनिक कमरेत वळतो, वाकतो, बसतो. वर्षानुवर्षांनी रबर कुजते आणि जुना सैनिक एके दिवशी कमरेत तुटून दोन तुकडे होतो. तेव्हा ज्याने कधी खेळणे उघडलेले नाही त्यालाही ते उघडावेच लागते. स्क्रू, दोन अर्धुके आणि कडी एवढे समजले की, एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसविणे हे काही मिनिटांचे काम उरते. पुढील काळातील, स्क्रू नसलेल्या फिगर्सना गरम पाण्यात बुडवून प्लास्टिक मऊ करावे लागते आणि मग सांधा खेचून काढावा लागतो. छांदिष्टांची सगळी पुढची कारागिरी, म्हणजे सांध्यात रंग घासला जाऊ नये म्हणून पॉलिश पेपरने कडा उतरविणे आणि इपॉक्सी पुट्टीने नवे अवयव घडविणे, ही या पहिल्या सुटेपणावर उभी आहे.

महत्त्वाची बाब अशी की, हे काम सर्वप्रथम कारखान्याने केले. १९८२ च्या पहिल्या संचात साच्यांचा खर्च वाचविण्यासाठी हात, पाय, धड आणि डोकी अनेक पात्रांत वाटून वापरली गेली. ब्रेकर, क्लच आणि रॉक अँड रोल या तिघांना एकच दाढीवाले डोके मिळाले. बदलला तो रंग. स्नेक आइज या पात्राला तर रंगच दिला गेला नाही. काळ्या प्लास्टिकचा कोरा देह बाजारात आला आणि काटकसरीतून जन्मलेला हा सैनिक मालिकेतील सर्वांत गूढ आणि लोकप्रिय व्यक्तिरेखा ठरला. मग एका सैनिकाला दुसऱ्यापासून वेगळे करीत होते काय? वेष्टनाच्या मागे छापलेला, लॅरी हामा यांनी लिहिलेला परिचय. भारतात फनस्कूल या कंपनीने, जिचा एक कारखाना गोव्यात आहे, याच साच्यांतून सैनिक काढले तेव्हा त्यांचे रंग मूळ अमेरिकी आवृत्तीहून अनेकदा भिन्न होते, आणि आज जगभरचे संग्राहक ते भिन्न रंग शोधत असतात. साचा तोच राहून रंग आणि मजकूर यांनी 'व्यक्ती' घडते, हे या उद्योगाचे नित्याचे व्याकरण होय.

या पार्श्वभूमीवर १९९३ ची अदलाबदल पाहिली की तिचे खरे सामर्थ्य लक्षात येते. हॅस्ब्रोने १९८२ मध्ये सैनिकांच्या बाबतीत जे केले, तेच या गटाने लिंगाच्या बाबतीत केले. आवाज हा देहाचा उद्गार नसून आत बसविलेला सुटा भाग आहे, हे त्याने ऐकवून दाखविले. मॅटेलने तर याचा पुरावा आधीच दिला होता. १९९२ च्या टीन टॉक बार्बीसाठी २७० वाक्ये मुद्रित केली होती आणि प्रत्येक बाहुलीत त्यांतील केवळ चार घातली जात. गणिताचा तास अवघड असतो, हे त्यांतील एक वाक्य. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेने त्यावर टीका केल्यावर कंपनीने ते वगळले. ज्या बाहुलीची 'मते' सोडत काढल्यासारखी ठरतात, तिच्या पोटात सैनिकाची वाक्ये घालणे हा तिच्यावरील अन्याय खासच नव्हे.

मात्र मर्यादाही येथेच सुरू होते. बार्बी गुरगुरते तेव्हा श्रोता चमकतो. ड्यूक खरेदीविषयी बोलतो तेव्हा श्रोता हसतो. या दोन प्रतिक्रिया समान नाहीत. पहिलीत स्त्रीदेहाला सामर्थ्य लाभते, दुसरीत पुरुषदेह हास्यास्पद होतो, आणि तो हास्यास्पद होण्यासाठी खरेदी, लग्न, कपडे या गोष्टी क्षुल्लक आहेत हे आधीच मान्य असावे लागते. ज्या उतरंडीवर प्रहार करावयाचा, तिच्याच आधारावर विनोद उभा आहे. शिवाय दोन्ही आवाज उत्पादकांचेच आहेत. गटाने एकही नवे वाक्य मुद्रित केले नाही. रोलां बार्थने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये तक्रार केली होती की, आधुनिक खेळणी मुलाला मालक व वापरकर्ता करतात, निर्माता कधीच करीत नाहीत. बदललेली बाहुली हाती आलेले मूलही याला अपवाद ठरत नाही. शस्त्रक्रिया त्याच्या अपरोक्ष उरकलेली असते आणि ते केवळ बातमीतील चकित चेहरा ठरते.

टॉड हेन्सचा 'सुपरस्टार : द कॅरन कार्पेंटर स्टोरी' (१९८७) हा ४३ मिनिटांचा चित्रपट या ठिकाणी आठवतो. उपासमारीच्या मनोविकाराने १९८३ मध्ये मरण पावलेल्या गायिकेची ही कथा बार्बीसारख्या बाहुल्यांकरवी सांगितली आहे आणि नायिका खंगत जाते तसतसे बाहुलीचा चेहरा व हात प्रत्यक्ष तासले गेले आहेत. येथे सुटा होणारा भाग नाही, सांधा नाही. सुरी सलग प्लास्टिकवर चालते. गाण्यांच्या हक्कांवरून झालेल्या खटल्यामुळे १९९० पासून हा चित्रपट अधिकृतपणे दाखविता येत नाही, तरी समीक्षा म्हणून तो अदलाबदलीपेक्षा खोल जातो. आवाज बदलूनही बार्बीची पावले उंच टाचेच्या चपलेसाठी वाकलेलीच राहतात आणि ड्यूकचा पंजा बंदूक धरण्यासाठी वळलेलाच राहतो. हेन्सने हात घातला तो या उरलेल्या भागाला, साच्याला.

साच्याचे हे बळ सामान्य छांदिष्टाच्या टेबलावर कोणत्याही सिद्धान्ताविना अनुभवास येते. १९८२ च्या संचात स्कार्लेट ही एकच स्त्री होती. पुढे १९८३ मध्ये कव्हर गर्ल, १९८४ मध्ये बॅरोनेस, १९८५ मध्ये लेडी जे अशा तुरळक स्त्रिया येत गेल्या. पुरुष सैनिकांचे अवयव डबे भरभरून मिळतात आणि एकमेकांना जुळतात. एखाद्याला नवी स्त्री सैनिक घडवावयाची असेल तर स्कार्लेट किंवा लेडी जे मोडावी लागते. नाहीतर पुरुषाचे धड घेऊन त्याचे खांदे घासून कमी करावे लागतात आणि उरलेले पुट्टीने भरावे लागते.