सुप्पारक जातक : मध्यवयाची दुसरी सफर

प्राचीन शूर्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यातील सोपारा. येथील स्तूपाचे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेले उत्खनन सर्वश्रुत आहे. या बंदराच्या नावाशी निगडित असलेली सुप्पारक नाविकाची कथा मात्र बहुधा साहसकथा म्हणूनच वाचली जाते. प्रस्तुत लेखात मध्यवयातील स्थित्यंतराची कथा म्हणून तिचा विचार करावयाचा आहे.

पाली जातकातील (क्र. ४६३) सुप्पारक सोळाव्या वर्षीच नौकानयनात निष्णात होतो. पुढे खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी जाते. समुद्र सोडून तो राजाकडे पारखी म्हणून राहतो. हत्ती, घोडा, रथ, कांबळे यांतील वैगुण्य तो केवळ स्पर्शाने ओळखतो. मोबदला मात्र दर वेळी आठ कार्षापणांचा. हा अवमान ओळखून तो घरी परततो. पुढे व्यापारी त्यालाच नौकेचा सुकाणूधर म्हणून नेतात. रत्नांच्या समुद्रात तो खरी गोष्ट सांगत नाही, कारण लोभाने नौका बुडेल. मासे धरण्याचे निमित्त करून तो जाळ्याने रत्ने काढतो. हा संयम तरुणपणी शिकलेल्या विद्येत नव्हे, अनुभवात आहे.

आर्यशूराच्या 'जातकमाले'त हाच नायक वृद्ध, दुर्बल आहे आणि व्यापारी त्याला मुख्यतः मंगलकारक म्हणून नेतात. पाली कथेत त्याच्या कौशल्याची गरज आहे, संस्कृत कथेत त्याच्या उपस्थितीची. हा भेद महत्त्वाचा वाटतो. भारतीयांचे सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. बालमृत्यू घटल्याचा यात मोठा वाटा असला, तरी अठ्ठावन्न वा साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यापुढे पुष्कळ वर्षे उरतात, हे खरेच. रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नालासोपाऱ्यातील नोकरदाराला त्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते, म्हणजे आर्यशूराचा सन्मान मिळतो. सुप्पारकाचे काम मिळत नाही. मिळालेच तर आठ कार्षापणांचे.

कथेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. सुप्पारक आपणहून निघत नाही, त्याला बोलावणे यावे लागते. आणि अखेरच्या संकटात नौका तरते ती कौशल्याने नव्हे, सत्यक्रियेने. ज्यांना बोलावणे येत नाही, त्यांच्याविषयी ही कथा मौन पाळते. आजच्या मध्यवयाचा खरा प्रश्न त्या मौनातच आहे.