मानसिक आरोग्यसेवांतील समन्वय आणि सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण : एक चिकित्सा

प्रस्तावना

गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्तीच्या गरजा एकाच संस्थेकडून भागत नाहीत. औषधोपचार एकीकडे, निवारा दुसरीकडे व व्यवसाय-पुनर्वसन तिसरीकडे, अशी सेवांची विभागणी झालेली असते. अमेरिकेत १९६३ च्या कायद्याने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांना चालना मिळाली. मनोरुग्णालयांबाहेरील सेवा वाढल्या आणि त्यांच्यातील समन्वयाचा प्रश्नही तीव्र झाला. संस्थांना बिंदू व त्यांच्यातील व्यवहारांना रेषा मानून या समन्वयाचे मापन करण्याची पद्धती म्हणजे सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण होय.

एक पायाभूत अभ्यास

कीथ प्रोव्हन व ब्रिंटन मिलवर्ड यांनी १९९५ मध्ये ॲक्रन, अल्बुकर्की, प्रॉव्हिडन्स व टूसॉन या चार शहरांतील सेवाव्यवस्थांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणती संस्था कोणाकडे रुग्ण पाठवते, कोणाबरोबर संयुक्त कार्यक्रम वा सेवा-करार करते, याची माहिती संस्थांकडून घेतली गेली. परिणामकारकता मात्र रुग्ण, कुटुंबीय व रुग्णसेवा-समन्वयक यांच्या मूल्यमापनावरून ठरविली गेली. संबंध जितके दाट तितकी सेवा चांगली, ही सर्वमान्य अपेक्षा येथे पूर्ण झाली नाही. एका प्रमुख संस्थेभोवती केंद्रित असलेली प्रॉव्हिडन्सची व्यवस्था सर्वांत परिणामकारक ठरली.

चिकित्सा

जाळ्याच्या परिणामाची कसोटी रुग्णाच्या हितात शोधणे, हे या अभ्यासाचे मोठे योगदान होय. तथापि येथेच त्याची मर्यादाही दिसते. रुग्णाचे मत परिणाम मोजताना विचारात घेतले गेले. जाळ्याचा नकाशा मात्र संस्थांच्या कथनावरून रेखाटला गेला. संस्थेने रुग्णास अन्यत्र पाठविल्याची नोंद म्हणजे रुग्ण तेथे पोहोचल्याचा पुरावा नव्हे. शिवाय केवळ चार शहरांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. लेखकांनीही आपल्या सिद्धान्तास ‘प्राथमिक’ असेच संबोधले. केंद्रीकरणाबरोबरच निधीची उपलब्धता, व्यवस्थेचे स्थैर्य व शासकीय नियंत्रणाचे स्वरूप हे घटकही त्यांनी महत्त्वाचे मानले; त्यांना वगळून केवळ केंद्रीकरणाचा पुरस्कार करणे अन्यायाचे ठरेल.

प्रोव्हन व ज्युलिअन सेबॅस्टियन यांनी १९९८ मध्ये यांपैकी तीन शहरांच्या माहितीचा फेरविचार केला. संपूर्ण जाळ्यापेक्षा त्यातील लहान, परस्परांशी घट्ट जोडलेल्या संस्थागटांचा समन्वय अधिक निर्णायक असल्याचे त्यांना आढळले. विश्लेषणाची पातळी बदलली की समन्वयाचा अर्थही बदलतो, हा याचा मथितार्थ.

समारोप

भारतात १९९६ पासून राबविल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमालाही जिल्हा स्तरावरील सेवा व प्राथमिक आरोग्य केंद्र यांची सांगड अपेक्षित आहे. येथे ही पद्धती उपयुक्त ठरू शकेल. परंतु अमेरिकन निष्कर्ष जसेच्या तसे उचलणे योग्य नव्हे. येथे रुग्णाची काळजी बहुतांशी कुटुंब वाहते आणि उपचाराचा शोध अनेकदा मांत्रिक वा देवस्थानापासून सुरू होतो. केवळ नोंदणीकृत संस्थांचा नकाशा काढल्यास हा संपूर्ण प्रदेश कोराच राहील. म्हणून रेषा मोजण्यापूर्वी बिंदू कोणते व ते कोणी ठरविले, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारणे अगत्याचे आहे.