हा आकडा फिल्मचा, की खालच्या काचेचा?

दुधावरच्या सायीवर बोट टेकवून बघा. हलकेच टेकवलं तर साय कळते. जरा दाबलं की बोटाला दूधच लागतं. पातळ फिल्मचा कठीणपणा मोजताना आमची नेमकी हीच पंचाईत होते.

आमच्या क्षेत्रात ऑलिव्हर आणि फार यांचा १९९२चा निबंध जवळजवळ प्रत्येक पेपरात असतो. माझ्या मते तो वाचला कमी आणि चिकटवला जास्त जातो. कल्पना खरंच सुंदर आहे. बर्कोविच म्हणजे तीन बाजूंच्या पिरॅमिडसारखं हिऱ्याचं टोक फिल्ममध्ये रुतवायचं, भार आणि खोली सतत नोंदवायची. भार काढतानाच्या वक्राच्या सुरुवातीच्या उतारावरून संपर्काची खोली काढायची आणि तीवरून क्षेत्रफळ. भार भागिले क्षेत्रफळ, झाला कठीणपणा! ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची गरजच नाही.

गोम इथेच आहे. क्षेत्रफळ आपण पाहत नाही, ते गणिताने येतं. आणि टोकाभोवतीचा पदार्थ आत दबतो हे त्या गणिताने गृहीत धरलेलं असतं. काचेवरची ॲल्युमिनियमची फिल्म घ्या. खालची काच मऊ धातूला खाली जाऊ देत नाही, मग तो कडेने वर फुगतो. खरं क्षेत्रफळ मोठं, हिशेबातलं लहान. म्हणजे कठीणपणा फुगून येतो. फार यांनीच बोल्शाकोव्हबरोबर १९९८मध्ये दाखवलं की अशा वेळी क्षेत्रफळ ६० टक्क्यांपर्यंत कमी धरलं जाऊ शकतं. हा दुसरा निबंध मात्र फारसा कोणी चिकटवत नाही.

मग 'जाडीच्या दहा टक्क्यांपेक्षा खोल जाऊ नका' हा नियम पुढे केला जातो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये दिसणाऱ्या सोनेरी ड्रिलवर टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. तो दोन मायक्रोमीटर धरला तर २०० नॅनोमीटर मिळतात, काम भागतं. पण १०० नॅनोमीटरच्या फिल्मला उरतात फक्त दहा! हिऱ्याचं टोकच तेवढं टोकदार नसतं, त्याची गोलाई कित्येकदा ५० नॅनोमीटर त्रिज्येहून जास्त असते. एवढ्या उथळ खोलीत पिरॅमिड नव्हे, गोळाच रुततो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणखी वेगळाच.

म्हणून पुढच्या वेळी तक्त्यात नुसतं '१२ गिगापास्कल' दिसलं, तर आधी फिल्मची जाडी आणि रुतण्याची खोली शोधा. खोलीनुसार कठीणपणा कसा बदलला याचा आलेख आहे का? ठशाचं एएफएम चित्र? दोन्ही नसतील, तर त्या आकड्यावरून कोटिंग निवडू नका.