अमेरिकेच्या स्वातंत्र्यपत्राची मिती

अमेरिकेच्या इतिहासांतील पहिलें मोठें वळण म्हणून इ. स. १७७६ च्या स्वातंत्र्यपत्राचा उल्लेख होतो. आणि फिलाडेल्फिया येथें ४ जुलै रोजीं सर्व प्रतिनिधींनीं त्यावर सह्या केल्या, असें विधानही त्याबरोबर येतें. हें विधान निराधार आहे असें नव्हे. मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनचें टिपण तसें सांगतें, व १८१९ सालींही त्यानें तेंच धरून ठेविलें. वसाहतींच्या काँग्रेसनें छापविलेल्या कामकाजाच्या पुस्तकांत ४ जुलैखालींच सह्या करणारांचीं नांवें आहेत. अस्सल चर्मपत्राच्या माथ्यावरही तारीख तीच. कर्ता, दप्तर व अस्सल कागद हे तिन्ही साक्षीदार एकमुखानें बोलत असतां शंकेस जागा कोठें? आमच्या मतें ती त्या चर्मपत्रांतच आहे.

चर्मपत्राचा मथळा ही घोषणा तेरा संस्थानांनीं एकमतानें केल्याचें सांगतो. परंतु २ जुलैस स्वातंत्र्याचा ठराव झाला तेव्हां बारा वसाहतींचेंच मत अनुकूल पडलें. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी अधिकाराच्या अभावीं तटस्थ राहिले. न्यूयॉर्कची संमति ९ जुलैची, व ती काँग्रेसपुढें आली १५ जुलैस. अर्थात् ‘एकमतानें’ हा शब्द ४ जुलैस लिहिला जाणें शक्य नव्हतें. त्या रात्रीं डनलॅपनें छापलेल्या पत्रकांत तो नाहींच. शिवाय अध्यक्ष हॅनकॉक व चिटणीस टॉमसन यांखेरीज कोणाही प्रतिनिधीचें नांव नाहीं.

आतां सह्या पाहूं. एकंदर ५६ पैकीं रश, क्लायमर, स्मिथ, टेलर व रॉस हे पांच जण पेन्सिल्व्हेनियानें २० जुलैस निवडले. थॉर्नटन तर नोव्हेंबरांत आला. जे त्या दिवशीं सभासदच नव्हते, त्यांनीं सही केली कशी? उलट मॅक्कीन हा त्या दिवशीं हजर होता. पण जानेवारी १७७७ मध्यें मेरी कॅथरिन गॉडर्ड हिनें बाल्टिमोर येथें छापलेल्या नांवनिशीवार प्रतींत त्याचें नांव नाहीं. ४ जुलैस कोणीही सही केली नाहीं, असें त्यानेंच १७९६ सालीं लिहून ठेविलें आहे.

निर्णय मात्र १८२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या गुप्त कामकाजानें होतो. त्यांत दोन नोंदी आहेत: १९ जुलैस घोषणा चर्मपत्रावर सुवाच्य लिहून काढण्याचा ठराव झाला, आणि २ ऑगस्टला तो लेख ताडून पाहून सभासदांनीं सह्या केल्या. छापील पुस्तकानें मागाहूनच्या सह्या आधींच्या मितीखालीं घातल्या, एवढाच याचा अर्थ. जेफर्सनवर असत्याचा आरोप करण्याचें कारण नाहीं. परंतु कर्त्याची आठवण व त्या त्या दिवशींची नोंद यांत विरोध आला, तर नोंदीसच मान दिला पाहिजे.

एका तारखेसाठीं एवढा खल कशास, असें कोणी म्हणेल. स्वातंत्र्याचा निश्चय २ जुलैचा, मजकुराची मान्यता ४ जुलैची, व सह्या २ ऑगस्टपासून पुढच्या. जॉन अ‍ॅडम्सनें ३ जुलैस पत्नीस लिहितांना पुढील पिढ्या २ जुलैचाच उत्सव करतील असें भाकीत केलें होतें. हे तीन प्रसंग एकाच दिवशीं कोंबले, म्हणजे न्यूयॉर्कची कचरणूक व एकमत जुळविण्यास लागलेले दिवस, सर्वच लुप्त होतें. वळण कसें घेतलें गेलें हेंच मग कळत नाहीं.

आमच्या संग्राहकांनींही यांतून एक गोष्ट ध्यानीं धरावी. कागदावरील मिती ही पुष्कळदां प्रसंगाची असते, लेखनाची नव्हे. कागद अस्सल ठरला, एवढ्यानें त्यावरील मितीस तो लिहिला गेला असें ठरत नाहीं. मथळ्यांतील प्रत्येक शब्द त्या मितीस संभवतो कीं नाहीं, आणि सही करणारा त्या दिवशीं तेथें होता कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून मितीचा निर्णय देऊं नये.