संकेत आणि आज्ञा : ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सवाच्या इतिहासाचे एक परीक्षण

ऑस्ट्रियातील लिंत्स ह्या नगरात १९७९ पासून भरत आलेल्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सवाचा उल्लेख ‘कला, विज्ञान व तंत्रविद्या ह्यांचा संगम’ अशा शब्दांत करण्याची रूढी पडली आहे. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. महोत्सव स्वतःचा परिचय देताना ‘कला, तंत्रविद्या आणि समाज’ अशी तीन पदे योजतो. त्यांतील तिसऱ्या पदाकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. ह्या तिसऱ्या पदानेच महोत्सवाला परीक्षकाची दृष्टी दिली, आणि जेथे त्याचा विसर पडला तेथे महोत्सवाची वैचारिक भूमी ढासळली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम नावाचा विचार करू. लॅटिनमधील ‘आर्स’ ह्या शब्दात ललितकला आणि कारागिरी हा भेद मुळात नाही. ग्रीक ‘तेख्ने’ ह्या शब्दाचीही तीच गोष्ट आहे. आपल्याकडील ‘कला’ शब्दाचा जुना विस्तारही असाच होता. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य ह्यांच्याबरोबरच तक्षण म्हणजे सुतारकाम, वास्तुविद्या, धातुवाद आणि यंत्रमातृका ह्यांचाही समावेश आहे. तेव्हा कला आणि तंत्र ह्यांना एकत्र आणणे ही विसाव्या शतकाची अपूर्व कल्पना होय, असे मानण्याचे कारण नाही. अपूर्वता असलीच तर ती ह्या पुनर्मीलनाला समाजाच्या साक्षीने तपासून पाहण्यात आहे.

महोत्सवाचा आरंभ १८ सप्टेंबर १९७९ रोजी झाला. ऑस्ट्रियन नभोवाणीच्या प्रादेशिक केंद्राचे प्रमुख हानेस लेओपोल्डसेडर, इलेक्ट्रॉनिक संगीताचे रचनाकार हुबर्ट बोग्नरमायर, संगीतनिर्माते उलरिश रूट्सेल आणि भौतिकशास्त्रज्ञ व विज्ञानकथालेखक हर्बर्ट फ्रांके हे त्याचे प्रवर्तक होत. एक प्रसारक, दोन संगीतक्षेत्रातील पुरुष आणि एक वैज्ञानिक असा हा मेळ होता. लिंत्सची निवडही केवळ योगायोगाची नव्हे. व्हिएन्ना अथवा साल्झबुर्ग ह्यांच्यासारखी अभिजात संगीताची मिरासदारी ह्या नगराकडे नव्हती. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तेथे नाझी राजवटीने प्रचंड पोलाद कारखाना उभारला, त्यात वेठीच्या मजुरांना राबविले, आणि युद्धानंतर तोच कारखाना राष्ट्रीयीकृत होऊन नगराच्या उपजीविकेचा आधार ठरला. तंत्रविद्या म्हणजे निखळ प्रगती, अशी भाबडी समजूत बाळगणे अशा नगराला परवडणारे नव्हते.

पहिल्या वर्षीचा सर्वांत लक्षणीय प्रयोग म्हणजे ‘ध्वनिमेघ’. आन्टोन ब्रुकनर हा लिंत्सच्या परिसरात जन्मलेला आणि त्या नगरात ऑर्गनवादक म्हणून राहिलेला संगीतकार. त्याची आठवी सिंफनी डॅन्यूबच्या काठावरील उद्यानात मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांतून ऐकविण्यात आली आणि सुमारे १,००,००० श्रोते जमले. नभोवाणीवरूनही ती प्रसारित झाली. घरोघरचे रेडिओ खिडक्यांत ठेवावेत, असे आवाहन नागरिकांना करण्यात आले होते. संगीतगृहाच्या भिंती येथे दोनदा ओलांडल्या गेल्या : एकदा ध्वनिक्षेपकांनी आणि दुसऱ्यांदा नागरिकांच्या खिडक्यांनी. पुढल्याच वर्षी, १९८० मध्ये, क्लाउस शुल्झे ह्यांनी ‘पोलाद-सिंफनी’ सादर केली. तीत पोलाद कारखान्यातील ध्वनी संगीताची सामग्री बनून आले. नगराने आपलाच आवाज अशा रीतीने प्रथम कलेच्या पातळीवर ऐकला.

१९८०, १९८२, १९८४ आणि १९८६ असा अंतराने भरणारा हा महोत्सव १९८६ पासून प्रतिवर्षी भरू लागला. १९८७ मध्ये त्याला पारितोषिकांची जोड मिळाली. सामोथ्रेसच्या पंखधारी विजयदेवतेच्या प्रतिकृतीवरून त्यातील सर्वोच्च पारितोषिकाला ‘गोल्डन निका’ हे नाव पडले. ह्या पारितोषिकांच्या वर्गवारीचा क्रम पाहिला, तर महोत्सवाचा अंतर्गत इतिहास आपोआप उलगडतो. आरंभी संगणकचित्र, संगणकचलच्चित्र आणि संगणकसंगीत असे तीन वर्ग होते. म्हणजे जुन्याच कला, फक्त साधन नवे. १९९० मध्ये ‘परस्परक्रियात्मक कला’ हा वर्ग आला. प्रेक्षकाच्या कृतीवाचून पूर्ण न होणाऱ्या कृतींना त्याने मान्यता दिली. १९९५ मध्ये विश्वजालाचा, २००४ मध्ये ‘डिजिटल समुदायां’चा आणि २००७ मध्ये ‘संकर-कले’चा वर्ग अस्तित्वात आला. कृतीकडून प्रेक्षकाकडे आणि प्रेक्षकाकडून समुदायाकडे असा हा प्रवास आहे. कोणती कृती सुंदर, ह्या प्रश्नाची जागा ही कृती कोण करतो आणि ती कोणाची, ह्या प्रश्नाने हळूहळू घेतली.

ह्या दृष्टीने दोन निर्णय विशेष चर्चनीय आहेत. १९९९ मध्ये जाळ्यावरील कलेच्या वर्गातील ‘गोल्डन निका’ लिनस टॉरवाल्ड्स ह्यांना ‘लिनक्स’ ह्या संगणकप्रणालीसाठी देण्यात आली. आज्ञावलीचा मूळ पाठ ही कलाकृती होऊ शकते काय, ह्याविषयी वाद व्हावा, हा परीक्षकांचा हेतू होता. आणि २००४ मध्ये, नव्याने स्थापिलेल्या ‘डिजिटल समुदाय’ वर्गात, ‘विकिपीडिया’चा गौरव झाला. तिची मराठी आवृत्ती त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. हे दोन्ही निर्णय एकाच जातीचे वाटतात. पण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांत मूलभूत अंतर दिसेल. पहिल्यात गौरविला गेला तो यंत्राला उद्देशून लिहिलेला पाठ. दुसऱ्यात गौरविला गेला तो माणसांनी माणसांसाठी लिहिलेला, आणि प्रत्येक लेखाला चर्चेचे स्वतंत्र पान असलेला, म्हणजे मतभेदाला जागा ठेवणारा पाठ.

हे अंतर पुसून टाकण्याचा मोह महोत्सवाला एकदा झाला. २००३ च्या महोत्सवाचा विषय होता : ‘कोड : आमच्या काळाची भाषा’. त्याखाली तीन समीकरणे मांडलेली होती : कोड म्हणजे कायदा, कोड म्हणजे कला, कोड म्हणजे जीवन. ही घोषणा आकर्षक खरी. परंतु ती तपासून घेतली पाहिजे. आपल्याकडील शब्दविचारात ‘संकेत’ हा जुना पारिभाषिक शब्द आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ घ्यावा, अशी जी व्यवस्था व्यवहाराने पक्की होते, ती संकेत होय. ही व्यवस्था बोलणारांत वसते. ती झिजते, फिरते, आणि तिच्यातील संदिग्धतेतून श्लेष, विनोद आणि काव्य संभवते. संगणकाच्या प्रणालीला मराठीत मात्र ‘आज्ञावली’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि तो अत्यंत मार्मिक आहे. आज्ञावलीतील वाक्य संदिग्ध असून चालत नाही. ज्याला उद्देशून ते लिहिले, ते यंत्र त्यावर शंका घेत नाही की उत्तर देत नाही. ते आज्ञा पाळते अथवा अडून बसते. प्रश्न, विनंती, शपथ, थट्टा हे सारे भाषेचे व्यापार आहेत. त्यांपैकी केवळ आज्ञार्थ तेवढा उचलून त्यालाच भाषा म्हणावयाचे, तर भाषेची व्याख्या संकुचित होते. शिवाय ह्या समीकरणात समाज हे तिसरे पद कोठेच उरत नाही. कायदा, कला आणि जीवन ह्या तिन्हींची मुखत्यारी आज्ञा लिहिणाराकडे जाते. आयोजकांचा रोख ह्याच सत्तेकडे लक्ष वेधण्याचा होता, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते न्याय्यही आहे. परंतु सत्तेला भाषा हे नाव दिले, की तिच्याविषयीची शंका बोथट होते.

नवल असे की, ह्या समीकरणाचे खंडन महोत्सवाच्याच आश्रयाने चार वर्षे आधी झालेले होते. १९९९ च्या महोत्सवासाठी एदुआर्दो काक ह्यांनी ‘जेनेसिस’ ही कृती रचली. मनुष्याला सर्व प्राणिमात्रांवर अधिकार देणारे बायबलमधील एक वाक्य त्यांनी इंग्रजी भाषांतरातून घेतले. ते त्यांनी मोर्सच्या तारसंकेतात उतरविले आणि ह्या संकेताचे रूपांतर जनुकद्रव्यातील चार घटकांच्या अक्षरांत केले : रेघेसाठी टी, टिंबासाठी सी, शब्दांमधील अंतरासाठी ए, अक्षरांमधील अंतरासाठी जी. ह्या क्रमाने तयार झालेले जनुक जिवाणूंत घालण्यात आले. विश्वजालावरून कृती पाहणारा कोणीही दूरवरून अतिनील दिवा लावू शके, आणि त्यामुळे जिवाणूंत उत्परिवर्तनाचा वेग वाढे. प्रदर्शनाच्या अखेरीस ते जनुक पुन्हा इंग्रजीत वाचले गेले, तेव्हा मूळ वाक्यातील काही अक्षरे बदललेली आढळली.

ह्या कृतीतील साखळी लक्षपूर्वक पाहावी. मूळ हिब्रू, तिचे १६११ मधील राजाश्रयी इंग्रजी भाषांतर, मग तारसंकेत, मग जनुक. पहिल्या पायरीवर अर्थाचे भाषांतर होते. पुढील पायऱ्यांवर केवळ अक्षरांचे लिप्यंतर होते. जिवाणूंनी केलेला बदल हा चिन्हांतील बदल आहे. त्यांना वाक्याचा अर्थ ठाऊक नाही. अर्थ उत्पन्न होतो तो पाहणाराच्या मनात, आणि तोही एका पेचातून : दिवा लावावा की लावू नये? लावला तर अधिकाराचे ते वाक्य मोडते खरे, पण ते मोडण्यासाठी प्राण्यावरचा तोच अधिकार वापरावा लागतो. न लावला तर वाक्य अबाधित राहते. हा पेच कोणतीही आज्ञावली सोडवू शकत नाही. तो जाणत्या माणसांनीच एकमेकांशी बोलून सोडवावयाचा आहे. कोड आणि भाषा ह्यांतील सीमा इतक्या स्वच्छपणे दाखविणारी दुसरी कृती ह्या महोत्सवाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

तिसऱ्या पदाचा विसर पडण्याचा धोका अन्य बाजूनेही संभवतो. १९९६ मध्ये महोत्सवाला ‘आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटर’ ही कायमची वास्तू लाभली आणि ‘फ्यूचरलॅब’ ही प्रयोगशाळाही निघाली. ही प्रयोगशाळा उद्योगसंस्थांसाठीही कामे करते. २०१२ च्या ध्वनिमेघाच्या वेळी तिने डॅन्यूबवरील आकाशात ४९ प्रकाशमान ड्रोन एका आकृतिबंधात उडविले. त्या वर्षी नदीकाठी नागरिकांनी हातांनी घडविलेली प्रकाशाक्षरेही होती. १९७९ च्या खिडक्यांची परंपरा तेथे जिवंत होती. पुढे २०१५ मध्ये ‘इंटेल’ कंपनीसमवेत जर्मनीत १०० ड्रोन एकाच वेळी उडवून विक्रम करण्यात आला. कौशल्य वाढले, संख्या दुपटीहून अधिक झाली. पण अक्षरे घडविणारे नागरिक त्या चित्रात उरले नाहीत. विक्रमात दोष शोधण्याचा येथे हेतू नाही. परंतु तोच प्रयोग समाजाच्या हातून सुटला म्हणजे त्याचे परीक्षणमूल्य कसे ओसरते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

महोत्सवाच्या पुढील विषयांतून मात्र आत्मपरीक्षणाची खूण दिसते. २००७ मध्ये खासगीपणाचा अस्त, २०१८ मध्ये ‘प्रमाद’ आणि २०२३ मध्ये ‘सत्य कोणाचे?’ हे विषय घेण्यात आले. ह्यांतील शेवटच्या दोहोंना समीकरणाचे चिन्ह लावताच येत नाही. प्रमाद हा आज्ञावलीचा शत्रू आहे. भाषेच्या इतिहासात मात्र कालचा प्रमाद आजचा नियम होतो, हे अपभ्रंशांतून उदयास आलेल्या भाषांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. आणि ‘कोणाचे?’ हा प्रश्न विचारताच समाज हे पद पुन्हा आपल्या जागी येऊन बसते.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने ह्या इतिहासाचे महत्त्व येथेच आहे. मराठी आज संगणकाच्या व्यवहारात वावरते ती बहुधा सामग्री म्हणून. तिच्यावर चालणाऱ्या आज्ञा अन्यत्र आणि अन्य भाषेच्या आधाराने लिहिल्या जातात. ‘कोड हीच काळाची भाषा’ हे समीकरण आपण मुकाट्याने स्वीकारले, तर मराठीसारख्या भाषांच्या वाट्याला केवळ आज्ञा पाळणे येईल. लिंत्सच्या चार दशकांहून अधिक काळाच्या अनुभवाचे तात्पर्य असे की, तंत्राला कलेची जोड दिल्याने तंत्र आपोआप मानवी होत नाही. संकेत ठरविण्याचा अधिकार ज्यांचा, त्या बोलणाऱ्या समाजाला त्यात आसन असावे लागते. ते आसन मराठीसाठी कोठे आणि कसे मांडावयाचे, ह्याचा विचार भाषाशास्त्राच्या विभागांनी अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.